केवलरामचं नवं कव्हर

१

सोमवारी सकाळी सात चाळीसला सालईटोल्याच्या बोडीत केवलरामचं प्रेत दिसलं.

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं लहान तळं. केवलराम आणि त्याचा धाकटा भाऊ जागेश्वर यांची ही वडिलोपार्जित बोडी. मासे दोघांचे, पाणीही दोघांचं. प्रेत आधी दिसलं भूपेंद्रला. तो मासे विकत घेणारा. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दुसऱ्या दिवशी गावात पाहुणे असतात, मासळीला भाव येतो, म्हणून सकाळीच टोपली घेऊन आला होता.

"मले वाटलं पोतं हाये," तो हवालदार अल्काला सांगत होता. बोलताना त्याची टोपली या हातातून त्या हातात जात होती. "मग सदरा दिसला. आन् फोन त्या गोट्यावर होता, बाई. असा, ठेवल्यावानी."

पाळीवरच्या सपाट दगडावर फोन होता. जाड काळ्या रबराचं कव्हर, अगदी कोरं. कव्हरच्या कडीत गळ्यात अडकवायची दोरी, आणि ती दोरी फोनभोवती नीट गुंडाळलेली. कव्हरच्या पाठीवर पिवळट-तांबडा फरकाटा होता. पंचनाम्यात अल्काने लिहिलं : माती लागलेली. फोनला कुलूप नव्हतं. बोट फिरवलं की उघडत होता.

ठाणेदारांनी गावचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आदल्या संध्याकाळी पाच दहाला केवलरामच्या फोनवरून त्यात एक फोटो पडला होता. हीच बोडी, हीच पाळ. खाली एक अक्षर नाही.

"म्हणजे पाच दहाला माणूस इथं जिवंत होता," ठाणेदार म्हणाले. "घाव डोक्याच्या मागे आहे, हा नुसता बुडून मेलेला नाही. पाच दहानंतर इकडे कोण आलं, तेवढं शोधा."

शोधायला फार वेळ लागला नाही. सगळा गाव मंडईत असताना बोडीच्या वाटेने सव्वापाचला जाताना एकच माणूस दिसला होता. जागेश्वर. आणि शनिवारी मासळीच्या वाट्यावरून दोघा भावांची भर चौकात जुंपली होती.

दुपारी त्याला जीपमध्ये बसवलं, तेव्हा म्हातारी कलाबाई जीपच्या पुढे येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"एक पोरगा तं गेला," ती म्हणाली. "आता दुसऱ्याले कायले नेऊन राहिले?"

अल्काने तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. म्हातारीच्या दंडात हाडाखेरीज काही नव्हतं. मंगळवारी अकराला जागेश्वरला कोर्टापुढे उभं करायचं होतं.

२

अल्काला एका जागी बसवत नव्हतं. कारण सांगता येत नव्हतं, पण ती दोरी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"हा कव्हर कधी घेतला त्यानं, आई?" तिने कलाबाईला विचारलं. केवलरामची बायको पुष्पाबाई आत शुद्धीवर येत होती, पुन्हा जात होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

"कालच. सकाळच्या गाडीनं देवरीले गेला, जेवाच्या आधी वापस आला. दोनक वाजता बोडीवर गेला, मग दिसला नाही. मंडईच्या दिवशी माणूस पोराइले जिलबी आणते. यानं फोनले कपडे आणले."

गळ्यात अडकवायला म्हणून ज्याने दोरी घेतली, तो माणूस त्याच दिवशी फोन काढून, दोरी गुंडाळून दगडावर का ठेवेल?

गावात जागेश्वरशिवाय केवलरामशी बिनसलेला आणखी एकजण होता. खुशाल ठेकेदार. रस्त्याच्या कामासाठी त्याला मुरूम हवा होता आणि या बोडीची पाळ चांगल्या मुरमाची होती. केवलरामने दोनदा त्याचा ट्रॅक्टर परत लावला होता.

खुशालच्या अंगणात नुकतंच कपडे धुणं आटोपलं होतं. दोरीवर पांढरा शुभ्र सदरा निथळत होता. त्याच्या वरच्या खिशावर तेवढा लाल डाग.

"सुपारी-तंबाखूचा खर्रा खातेत ना हे," खुशालची बायको, शामकला, अल्काची नजर पाहून म्हणाली. "मंडईसाठी नवा शिवला, एका दिवसात रंगवला."

खुशाल खाटेवरून उठला, बाईमाणसाला खुर्ची सरकवली, चहा सांगितला. माणूस गोड होता.

"मी तीन वाजतापासून स्टेजवर होतो, मॅडम. दंडार नाचणाऱ्या पार्टीले बक्षीस मीच देल्लं. अंधार पडेपर्यंत हाललो नाही. साऱ्या गावानं पाहिलं."

"केवलरामचा फोटो आला तेव्हा?"

"तेव्हाबी स्टेजवर. बाजूच्यानं दाखवला मले, का बोडीचा फोटो आला म्हणून."

"तुमच्या फोनवर नाही पाहिला?"

"माया एकच फोन, त्याच्यावर दिवसभर बोलणं चालू. दुसरा घे म्हणतेत लोक. एक सांभाळता येत नाही, दोन कोण सांभाळन?" तो हसला. "केवलरामसंग माया झगडा होता, नाही म्हणत नाही. पण झगडा जितेपणी राहते. मेल्या माणसासंग कायचा झगडा?"

बोलणं सरळ होतं. पाच दहाला केवलराम जिवंत असेल, तर खुशालला हात लावायला जागा नव्हती. भूपेंद्रलाही नव्हती, तो त्या वेळी मंडईत भजी तळणाऱ्या मेहुण्याच्या गाड्यावर पैसे घेत होता. उरला जागेश्वर.

जागेश्वर कोठडीत गुडघ्यात मान घालून बसला होता. "पावणेपाचच्या गाडीनं आलो मी देवरीवरून, कंडक्टरले इचारा," तो म्हणाला. "शनिवारी भांडलो, खरं हाये. मंडईच्या दिवशी भाऊ उपाशी राहिन काय? त्याले जेवाले बोलवाले गेलो. दिसला नाही. हाका मारल्या, वापस आलो."

"पाण्यात नाही पाहिलं?"

त्याने मान वर केली. "पाण्यात कायले पाहीन मी, बाई?"

३

देवरीच्या बसस्टँडसमोर इंद्रकुमारचं मोबाईलचं दुकान. छतापासून कमरेपर्यंत कव्हरांच्या माळा लोंबत होत्या, मोरपिसांची, देवादिकांची, चकचकीत सोनेरी.

"आधा घंटा खाल्ला त्यानं माझा," इंद्रकुमार म्हणाला. त्याच्या बोलण्यात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. "सस्तावाला दाखवला, नको. फ्लिपवाला दाखवला, नको. मी म्हटलं, काका, शादी के लिए लडकी देख रहे हो क्या? तो म्हणाला, गळ्यात टांगायचा पाहिजे. पाणी में गिरा तो भी फोटो बचना चाहिए."

"फोटो? कसले?"

"ते नाही सांगितलं. म्हणाला, सोमवारी तहसीलमध्ये दाखवायचे आहेत."

अल्का काउंटरवर बोटं वाजवत होती, ती थांबली. केवलरामच्या फोनमध्ये रविवारी दुपारनंतरचा एकही फोटो नव्हता. त्याआधीच्या आठवड्यातलाही बोडीचा एक फोटो नव्हता. नातवाचे होते, बैलाचे होते.

"त्याच्या मॉडेलचा दोरीवाला कव्हर होता तुमच्याकडे?"

"नव्हता ना. मॉडेल जुना. त्याच्या बाजूच्या मॉडेलचा होता, ताकद लावून बसवला. बसला. लेकिन कॅमेरे का छेद थोडा खिसका हुआ. मी सांगितलं, काका, फोटो में कोना काला आएगा. ट्राय करा. त्यानं माझाच फोटो काढला. आला काळा. तो म्हणाला, कोन्यात काय ठेवलं आहे? बीचमध्ये दिसते ना, बस."

अल्काने जप्त केलेल्या फोनमधल्या फोटोंची छापील प्रत पिशवीतून काढली. रविवारी सकाळचा शेवटचा फोटो : काउंटरमागे दात काढून हसणारा इंद्रकुमार, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढी काळी कोर. सकाळी तिला वाटलं होतं, बोट आडवं आलं असेल.

तिने स्वतःचा फोन काढला, ग्रुपवरचा बोडीचा फोटो उघडला. वरचा डावा कोपरा. तिथे आभाळ होतं. निव्वळ, स्वच्छ आभाळ.

"कव्हर काढून फोटो काढला असेल तर?"

इंद्रकुमारने तसलंच एक कव्हर तिच्या हाती दिलं. "तुमच्या फोनला बसते, पहा. आता काढा."

ती काढू लागली. अंगठ्याचं नख मागे वळलं, तेव्हा तिने सोडून दिलं.

"तुम्ही घेऊन टाका, मॅडम. तुमचा काच पहिलेच फुटला आहे."

घरून निघताना लेक टीना हेच म्हणाली होती, आई, आज तरी कव्हर घे. अल्काने इंद्रकुमारकडूनच ते काढून घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. "नंतर," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

४

"म्हणजे काय?" ठाणेदार म्हणाले. त्यांच्यापुढे रिमांडचे कागद तयार होते. "जुना फोटो त्यानेच टाकला असेल. आपण टाकत नाही काय जुने फोटो?"

"टाकला असेल, साहेब. पण मग तो फोटो पाच दहाला काढलेला नाही. मग पाच दहाला केवलराम बोडीवर होता, हे कशावरून? आणि पाच दहाला तो जिवंत होता, हे तरी कशावरून?"

ठाणेदारांनी पेन ठेवलं.

"डॉक्टर म्हणतात, पाणी थंड, मरणाची वेळ दोन ते सहामधली कुठलीही. आपण सहाकडचं टोक धरलं ते त्या फोटोमुळे. फोटो काढून घ्या. मग जागेश्वर पावणेपाचला बसमधून उतरतो, त्याच्या आधीचे तीन तास मोकळे सुटतात. त्या तासांमध्ये तो देवरीत होता."

"आणि फोटो टाकला कोणी?"

"ज्याच्याकडे फोन होता त्यानं. त्यासाठी बोडीवर असायची गरज नाही, साहेब. टॉवर एकच. मंडईत, हजार माणसात बसूनही टाकता येतो. उलट तिथेच बसून टाकायला हवा. लोकांनी पाहिलं पाहिजे, की फोटो आला तेव्हा मी इथं होतो. रात्री सगळे मंडईच्या नाटकाला बसले, तेव्हा फोन दगडावर नेऊन ठेवला. दोरी गुंडाळून. ती दोरी कशासाठी घेतली होती, ते त्याला माहीत नव्हतं."

"त्याला म्हणजे कोणाला?"

अल्काने ग्रुपवरचे मंडईचे फोटो दाखवले. स्टेजवर खुशाल. पांढरा नवा सदरा. कानाला फोन लावलेला. आणि वरच्या खिशातून डोकावणारी काळी जाड कड.

"स्टेजवर तीनला आला; केवलराम दोनला बोडीवर गेला होता. आणि मला म्हणाला, माझा एकच फोन."

ठाणेदारांनी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा लहान केला. "पाकीट असेल. डायरी असेल. उद्या त्याचा वकील चष्म्याचं घर म्हणेल. काळ्या कडेवर मी ठेकेदाराला उचलू? दुसरं काय आहे?"

दुसरं काही नव्हतं. देवरीहून परतताना ती गावात खुशालच्या घरावरून आली होती. सदरा तसाच दोरीवर होता, वाळला होता, वाऱ्यावर हलत होता. त्यावरून काहीतरी तिच्या मनात टोचत राहिलं होतं, काय ते कळत नव्हतं. घरी जेवताना ती दोनदा ताटावरून उठली.

"आई, बस ना एका जागी," टीना म्हणाली. "आणि कव्हर?"

५

मंगळवारी उजाडताच अल्का सालईटोल्यात होती. कोर्टाला चार तास होते.

पुष्पाबाई आता बोलत होती. भिंतीला टेकून, समोर बघत, एकसुरी.

"दोन वाजता गेले. म्हणे, आज साऱ्या गावाचं ध्यान मंडईत हाये, आज तो ठेकेदार ट्रॅक्टर लावन. फोटो काढून आणतो. मी म्हटलं, थांबा, नवी वस्तू हाये, तशीच नेता काय? म्हणे, कव्हरले काय पूजतं? मी नाही आयकलं. हळद कालवली, कुंकू कालवलं, दोन बोटं लावली पाठीवर. ओलंच होतं. तसाच गळ्यात घालून गेले."

"कशाच्या पाठीवर?"

"कव्हरच्या. तुमच्याइकडे नाही लावत काय, बाई?"

अल्काच्या घरी नव्या वस्तूला काही लावत नसत. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून हळदकुंकवाची रीत घरातून गेली होती. नवी सायकल आली की टायर दाबून पाहायचा, इतकंच. पिवळट-तांबडा फरकाटा तिने पाहिला होता आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, माती.

मग मनातलं टोचणं एकदम वर आलं.

काल दुपारी सदरा ओला होता, तेव्हा डाग लाल होता. संध्याकाळी सदरा वाळला, तेव्हा डाग पिवळा होता. खर्र्याचा डाग लाल असो की तपकिरी, वाळला म्हणून पिवळा होत नाही. साबण लागला की लाल होते आणि धुऊन वाळली की पुन्हा पिवळी पडते अशी एकच वस्तू स्वयंपाकघरात असते. हळदीची पूजा कोणाच्या घरी असो-नसो, हळदीची भाजी सगळ्यांच्या घरी असते. हे तिला ठाऊक होतं.

आणि हेही ठाऊक होतं, की हळदीचा डाग साबणाने जात नाही. उन्हाने जातो.

ती उठली. चपला घालायला थांबली नाही. हातात घेऊनच निघाली.

ऊन खुशालच्या अंगणात नुकतंच उतरलं होतं. सदरा दोरीवर होता. पण पुन्हा धुतलेला होता आणि खिसा उलटा काढून उन्हाकडे केलेला. शामकला दोरीशी उभी होती. तिने अल्काला पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

"हात लावू नका, वहिनी," अल्का म्हणाली. "तसाच राहू द्या."

शेजारच्या घरातले दोन म्हातारे पंच म्हणून आले. खुशाल आतून आला, दात घासत.

"मॅडम, सकाळी सकाळी माया सदरा?"

"हा डाग कशाचा?"

"हा? पोपटीच्या भाजीचा असन. मंडईचं जेवण, सांडते."

"काल वहिनी खर्रा म्हणाल्या."

खुशालने बायकोकडे पाहिलं. शामकला जमिनीकडे पाहत होती.

"खर्रा असन, भाजी असन. पांढऱ्यावर सारंच दिसते."

अल्काने खिसा दोन बोटांनी धरून पंचांपुढे केला. बाहेरून डाग पुसट होता, एकच. आतून दोन होते. शेजारी शेजारी, बोटाच्या टोकाएवढे. एक पिवळा. दुसरा गुलाबी, उन्हाने जवळपास गेलेला.

"भाजी खिशाच्या आतून सांडते काय, भाऊ?"

खुशालच्या तोंडातून पेस्टचा फेस हनुवटीवर आला. तो त्याने पुसला नाही. पंचांपैकी एक म्हातारा खिशाकडे वाकून पाहत होता. "हे तं टिळे होत बे," तो दुसऱ्याला हळूच म्हणाला.

"आमच्या घरी मंडईले पूजा होती," खुशाल म्हणाला. "मीबी माया फोनले टिळा लावला."

"जुन्या फोनला?"

त्याने आता हनुवटी पुसली. मग म्हणाला, "वकिलाशी बोलतो."

६

मंगळवारी अकरा वाजता कोर्टात ठाणेदारांनी नवी माहिती मांडली. न्यायाधीशांनी जागेश्वरला सोडलं नाही, आठवड्याची कोठडीही दिली नाही. गुरुवारपर्यंत दिली आणि तपासात काय निघालं ते घेऊन या म्हणून सांगितलं. कलाबाई कोर्टातून थेट ठाण्यात आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. तिला घरी जा म्हटलं तर म्हणाली, "घरी कोण हाये?"

सदरा आणि कव्हर नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली आहेत. दोन धुलाया आणि अर्ध्या दिवसाच्या उन्हानंतर त्या डागात काय उरलं असेल, हे अहवाल येईपर्यंत कोणी सांगू शकत नाही. अहवाल गुरुवारपर्यंत येणार नाही, हे मात्र प्रयोगशाळेने सांगितलं आहे. केवलरामच्या फोनमधले पुसलेले फोटो परत मिळतात का, ते पाहणं सुरू आहे. बोडीच्या पाळीला ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा आहेत; त्या रविवारच्या की आधीच्या, यावर गावात दोन मतं आहेत. खुशालची तीन तास चौकशी झाली. तो घरी गेला.

बुधवारी दुपारी चारला शामकला एकटीच ठाण्यात आली. कोणाला भेटायचं आहे, असं शिपायाने विचारलं, तर ती म्हणाली, त्या बाईले. अल्का बाहेर आली, तेव्हा शामकला बाकावर कलाबाईच्या शेजारी बसली होती. दुसरी जागा नव्हती. म्हातारीने सरकून तिला जागा दिली होती. ती कोण, कोणाची, हे म्हातारीला चांगलं ठाऊक होतं.

अल्काने पाणी आणवलं. शामकलाने घेतलं नाही. पेला कलाबाईने हातात धरला आणि तिच्यापुढे केला.

"घे," ती म्हणाली. "बोलाले घसा लागते."

पाच वाजून गेले आहेत. शामकला पाणी प्यायली आहे. अजून काही बोललेली नाही.